गोव्यातली वंशावळ शोधायची तर आडनाव बाजूला ठेवा, गाव आणि देव धरा

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आजोबा गोवा मुक्तीच्या आधी फोंडा तालुक्यात जन्मले, पुढे नोकरीसाठी मुंबईला गेले, घरात पणजोबांचं फक्त नाव माहीत आहे, कुळदेवी कवळ्याची शांतादुर्गा, आता घराण्याची वंशावळ करायची आहे तर सुरुवात कुठून करायची. शिवाय पोर्तुगीजांनी सगळे कागद जाळले म्हणतात ते खरं का, आणि फेसबुकवर त्याच आडनावाचे ढीगभर लोक सापडलेत ते सगळे आपलेच भाऊबंद का. मी बरीच वर्षं गोव्यातल्या घराण्यांसाठी जुने पोर्तुगीज आणि मोडी कागद वाचून देतो, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो, वेळ काढून वाचा.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच भरकटतात. नाही, एकच आडनाव म्हणजे एकच घराणं असं गोव्यात अजिबात धरू नका. आपल्याकडची बरीचशी आडनावं गावावरून पडलेली, बोरीचे बोरकर, शिरोड्याचे शिरोडकर, काकोड्याचे काकोडकर, लोटलीचे लोटलीकर. गाव सोडून दुसरीकडे गेल्यावर तिथले लोक म्हणायला लागले की हे अमुक गावचे, आणि तेच चिकटलं. म्हणजे त्या गावातून बाहेर पडलेला ब्राह्मण, सोनार, शेतकरी, कोणाचंही आडनाव तेच होऊ शकतं. उलट सख्खे दोन भाऊ घ्या, एक मूळ गावातच राहिला तो कागदावर नुसता शेणवी किंवा कामत किंवा प्रभू, दुसरा तालुका ओलांडून गेला तो गावाच्या नावाने ओळखला गेला, तीन पिढ्यांनंतर त्यांच्या वंशजांना एकमेकांचा पत्ताही नसतो. त्यामुळे आडनाव ही शोधाची सुरुवात म्हणून ठीक, पुरावा म्हणून नाही.

पुरावा म्हणून गोव्यात कामाला येतात ते गाव, देव आणि जमीन. माणूस मुंबईला जातो, नाव बदलतो, बोलीही बदलते, पण देवळातला मान आणि वाडवडिलांच्या भाटातला म्हणजे बागायतीतला वाटा सहजासहजी सोडत नाही, आणि जिथे मान किंवा वाटा आहे तिथे कोणीतरी तो लिहून ठेवलेला असतो.

आता देवाचं. कवळ्याची शांतादुर्गा म्हणजे मूळची साष्टीतल्या केळशीची, सोळाव्या शतकात देवळं पाडायला सुरुवात झाली तेव्हा लोकांनी देवी नदीपलीकडे कवळ्याला नेली. अशी बरीच देवस्थानं आहेत. मंगेश कुठ्ठाळीहून म्हणजे जुन्या कुशस्थळीहून प्रियोळला 1560 च्या सुमारास आला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदोड्याला, कामाक्षी रायहून शिरोड्याला, दामोदर मडगावहून जांबावलीला, देवकीकृष्ण चोडणहून माशेलला, सप्तकोटेश्वर दिवाडीहून नार्व्याला, ज्याचं देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये बांधून काढलं. देवाबरोबर त्याचे कुळावी, म्हणजे तो ज्यांचा कुळदेव ती घराणीही निघाली. तेव्हा कुळदैवत कळलं की आपलं मूळ गाव नदीच्या कुठल्या काठाला असू शकतं याचा अंदाज येतो. पण इथे थांबा, कवळ्याची देवी खूप घराण्यांची कुळदेवी आहे, तेव्हा देवी एक म्हणून घराणं एक असं नाही, गोत्राचंही तसंच. देवी, गोत्र, मूळ गाव आणि देवळातला नेमका मान, या चारही गोष्टी जुळल्या तरच पुढे शोधण्यात अर्थ आहे, आणि तरीही तो अंदाजच असतो, कागद मिळेपर्यंत.

कागद जाळले का? काही नक्कीच गेले. सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टी, बारदेशमधली देवळं गेली तेव्हा त्यांच्याबरोबर किती काय गेलं ते आता मोजताही येणार नाही. पण पोर्तुगीज राज्य हे कागदावर चालणारं राज्य होतं, कर घ्यायचा तर कोणाची जमीन ते लिहायलाच लागायचं. गोव्याचं पुराभिलेखागार 1595 पासूनचं आहे, दियोगु दु कोतु हा त्याचा पहिला अधिकारी, आणि ते आजही पणजीत आहे. आणि तुमचा फोंडा तालुका तर नव्या काबिजादीतला, म्हणजे पोर्तुगीजांनी उशिरा घेतलेल्या भागातला, 1763 मध्ये पोर्तुगीजांकडे गेला, त्याआधी सौंदेकर राजांकडे. म्हणजे देवळं पाडण्याचा तो काळ फोंड्यावर तसा गेलेलाच नाही. पेडणे तर 1788 मध्ये गेलं. तेव्हा 'सगळं जाळलं' हे ऐकून लोक शोधायलाच जात नाहीत याचं मला फार वाईट वाटतं, कारण माझ्या मते गोव्यातल्या सामान्य घराण्याचे जितके कागद शिल्लक आहेत तितके महाराष्ट्रात फार कमी ठिकाणी मिळतील.

सुरुवात मात्र ऑफिसातून नाही, घरातून करायची. आणि घरातली सगळ्यात चांगली वंशावळ भटजींच्या तोंडात असते. पितृपक्षात महालय होतो तेव्हा काय म्हटलं जातं ते एकदा कान देऊन ऐका. आधी वडील, आजोबा, पणजोबा, वसुरूप, रुद्ररूप, आदित्यरूप म्हणून, प्रत्येकाचं नाव आणि गोत्र घेऊन. मग आई, आजी, पणजी. मग आईचे वडील, त्यांचे वडील, त्यांचे वडील, आणि त्यांच्या बायका. मग पत्नी, मुलगे, मुली, काका, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, सासरा, गुरू, जे जे गेलेले आहेत ते सगळे. बऱ्याच घरांत ही नावं एका वहीत उतरवलेली असतात, कारण यजमानाला आठवत नाहीत आणि भटजी दरवर्षी विचारतात. ही वही शोधा. एका वहीच्या आधी दुसरी वही असते, आजोबांच्या हातची, तिच्यात आजोबांचे आजोबा असतात. बायकांची नावं इतक्या सलग दुसऱ्या कुठल्याही घरगुती कागदात मला मिळालेली नाहीत. फक्त एक लक्षात ठेवा की बायकोचं नाव लग्नात बदललेलं असतं, वहीत सासरचं नाव असणार आणि जन्माच्या नोंदीत माहेरचं.

दुसरं, जन्मपत्रिका. जुन्या पेटीत गुंडाळी केलेली पत्रिका असेल तर ती जपून उघडा. त्यात शक, संवत्सर, तिथी, बहुधा वडील आणि आजोबा. शकात 78 मिळवले की इसवी सन, जानेवारी ते चैत्र यामधला जन्म असेल तर 79. कधी शकाचा आकडाच किडीने खाल्लेला असतो आणि नुसतं संवत्सराचं नाव राहतं, तरी हरकत नाही, साठ वर्षांचं चक्र आहे, विकृती संवत्सर म्हणजे 1830 नाहीतर 1890 नाहीतर 1950, यातलं कुठलं ते बाकीच्या माहितीवरून लगेच कळतं.

तिसरी गोष्ट कोणी लिहीत नाही म्हणून मुद्दाम सांगतो, सुतक आणि चवथ म्हणजे गणेशचतुर्थी. तुम्हाला कोणाचं दहा दिवसांचं सुतक येतं आणि कोणाचं तीन दिवसांचं, हे म्हाताऱ्या बायकांना पक्कं माहीत असतं. दहा दिवस म्हणजे सात पिढ्यांच्या आतला सपिंड, तीन दिवस म्हणजे त्याच्या पलीकडचा. म्हणजे कागद नसला तरी अंतर कळलं. आणि चवथीला मूळ घरात गणपती एकच असतो, सगळे भाऊबंद तिथे जमतात, खर्चाची पाळी मात्र वाटून घेतलेली असते. ही पाळी नीट विचारून घ्या. समजा दोन घरांची पाळी तीन-तीन वर्षांनी येते आणि दुसऱ्या तीन घरांची नऊ-नऊ वर्षांनी, तर वाटणी झाली तेव्हा मूळचे तीन भाऊ होते, आणि त्यातल्या एकाला पुढे तीन मुलगे झाले असणार, त्यांनी आपली पाळी आपसात वाटून घेतली. माणसांची नावं विसरली जातात पण खर्चाची पाळी कोणी विसरत नाही! देवळातल्या उत्सवाच्या पाळ्यांचंही हेच. त्या पाळीवरून आधी कच्चा आराखडा काढा आणि मग त्यात नावं भरत जा.

म्हाताऱ्यांना विचारताना 'आपली वंशावळ सांगा' असं विचारू नका, ते गप्प बसतील किंवा परशुरामापासून सुरू करतील. तुमच्या लग्नात मामा म्हणून कोण उभा होता, बाळंतपणाला कुठल्या गावी गेलात, त्या घरात कोण कोण होतं, चवथीला ओझें (माहेरची भेट) कोणाकडून यायचं, असं विचारा, आपोआप माणसं बाहेर येतात. मोबाईलवर रेकॉर्ड करा, त्यांना सांगून करा.

आता ऑफिस. गोव्यात नागरी नोंदणी 1914 पासून सक्तीची झाली, सगळ्या धर्मांसाठी. तुमच्या आजोबांचा जन्म त्यानंतरचा असेल तर नोंद फोंड्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे, किंवा पुस्तक जुनं असेल तर पणजीला पुराभिलेख खात्यात. मागताना 'तेओर' मागा. साधं जन्माचं सर्टिफिकेट घेतलंत तर त्यात नाव, तारीख, आईबाप एवढंच. तेओर म्हणजे पुस्तकातल्या नोंदीची जशीच्या तशी पूर्ण नक्कल, आणि खरा खजिना त्या पूर्ण नोंदीत आहे.

ती नोंद दिसते कशी ते सांगतो, म्हणजे हातात आल्यावर घाबरायला होणार नाही. डाव्या समासात नोंदीचा नंबर आणि मुलाचं नाव. मजकुरात तारीख आकड्यांत नाही, अक्षरांत. किती वाजता जन्मला, कुठल्या गावात, कुठल्या वाड्यावर. मग 'फिल्यु दे', म्हणजे अमुकचा मुलगा, बापाचं नाव, धंदा, राहणार कुठला, आणि आईचं नाव. त्यानंतर 'नेतु पातेर्नु', बापाकडचे आजी-आजोबा, आणि 'नेतु मातेर्नु', आईकडचे आजी-आजोबा. म्हणजे 1915 ची एक नोंद घ्या, तिच्यातले आजोबा साधारण 1850 ते 1860 च्या आसपास जन्मलेले असणार, एकाच पानावर तीन पिढ्या आणि तेही दोन्ही बाजूंच्या. आजोबांच्या नावापुढे 'फालेसिदु' लिहिलेलं असेल तर ते तेव्हा वारलेले होते. मोठ्या भावाच्या नोंदीत तो शब्द नाही आणि धाकट्याच्या नोंदीत आहे, तर त्या दोन तारखांच्या मध्ये कधीतरी आजोबा गेले, आता तेवढ्याच वर्षांची मृत्यूची पुस्तकं बघायची. खाली साक्षीदार आणि सह्या. बऱ्याच हिंदू बापांच्या सह्या देवनागरीत किंवा मोडीत असतात, वर सगळा पोर्तुगीज मजकूर आणि खाली आपल्या पणजोबांच्या हातचं अक्षर, ते बघून माणसं तिथेच खुर्चीत बसून रडलेली मी पाहिली आहेत. आणि समासात नंतर घातलेल्या नोंदी नक्की वाचून घ्या, लग्न, नावबदल, मृत्यू, कधी कधी पुढच्या पन्नास वर्षांचं आयुष्य त्या अरुंद समासात लिहिलेलं असतं.

दोन शब्दांची गल्लत टाळा. 'नातुराल दे' आणि पुढे गावाचं नाव, याचा अर्थ त्या गावचा. पण 'फिल्यु नातुराल' म्हणजे आईबापांचं लग्न कायद्याने नोंदलेलं नव्हतं. आणि याचाही अर्थ लगेच वाईट काढू नका, देवाब्राह्मणांसमोर रीतसर लग्न झालेलं पण सरकारदरबारी नोंदवलेलं नाही अशीही जोडपी होतीच.

शोधताना सगळ्यात जास्त वेळ जातो तो स्पेलिंगमध्ये. जुन्या पुस्तकांची अनुक्रमणिका बहुतेकदा आडनावाने नाही तर पहिल्या नावाने लावलेली असते, आणि पहिलं नाव पोर्तुगीज कानाने ऐकून लिहिलेलं. 'श' साठी एक्स, म्हणून शांताराम हा एक्सखाली सापडेल. केशव क्यूखाली. यशवंत वायखाली शोधून मिळणार नाही, तो ईखाली, एस्वोंता म्हणून. आपला 'अ' त्यांना 'ओ' ऐकू यायचा, म्हणून विठ्ठलचा विटोल, गणेशचा गोनेश, प्रभूचा पोरोबो, भटाचा बोट्टो. शेणवी हा सिनाय होतो आणि नावाच्या मध्येच बसतो, तेव्हा आजोबांच्या नावात सिनाय दिसलं तर ते कोणा दुसऱ्याचं आडनाव समजू नका. जाण्याआधी घरी बसून प्रत्येक नावाची चार-पाच संभाव्य स्पेलिंगं कागदावर लिहून न्या, तिथे काउंटरवर उभं राहून सुचत नाहीत.

आणखी एक खड्डा म्हणजे नातवाला आजोबांचं नाव. राम विठ्ठल, विठ्ठल राम, परत राम विठ्ठल, असं चालू राहतं. शिवाय तीन चुलतभावांनी आपापल्या पहिल्या मुलाला त्याच आजोबांचं नाव ठेवलेलं असतं, म्हणजे एकाच वेळी एकाच वाड्यावर एकाच नावाचे तीन मुलगे. इथे आईचं नाव बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका. बापाचं नाव जुळलं पण आईचं जुळलं नाही, तर तो वेगळा माणूस, किंवा दुसरं लग्न, किंवा दत्तक. दत्तक असेल तर वंशावळीत दोन्ही घरं दाखवा.

1914 च्या मागे गेलात की जन्माची पुस्तकं संपतात, हिंदूंसाठी. ख्रिस्ती घराण्यांना चर्चची बाप्तिस्म्याची, लग्नाची, मृत्यूची पुस्तकं आणखी मागे नेतात. आणि साष्टी-बारदेशमधल्या हिंदूंनीही हे लक्षात ठेवावं, कारण एकाच वांगडाची म्हणजे कुळाची एक पाती (शाखा) ख्रिस्ती झाली आणि दुसरी देव घेऊन नदीपार गेली, असं पुष्कळ झालेलं आहे. त्यांच्यातल्या अनेकांना आपलं मूळ आडनाव प्रभू होतं की कामत की नाईक हे अजून माहीत असतं. जाऊन बसा, बोला, मला तर तिथे नेहमी आपुलकीच मिळाली.

हिंदूंसाठी 1914 च्या मागे जमीन आणि देऊळ. इथे गोव्याचा कायदा आपल्या कामाला येतो. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात 1870 पासून लागू झाली, हिंदूंच्या काही चालीरीती 1880 च्या हुकुमाने राखून ठेवल्या. या कायद्यात मुलींनाही वाटा, आणि स्थावर विकायचं तर बायकोचीही संमती लागते. याचा परिणाम असा की माणूस वारल्यावर जी इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांची आणि मालमत्तेची नोंद, कोर्टात व्हायची तिच्यात सगळे वारस लिहिले जायचे, लग्न होऊन गेलेल्या मुलीसुद्धा, त्यांच्या नवऱ्यांच्या नावांसकट. वारसांमध्ये कोणी अज्ञान मूल असेल तर ही इन्व्हेंटरी सक्तीची होती. 'काबेसा द काझाल' म्हणजे घरातला जो कर्ता तो शपथेवर सांगतो की मेलेला कोण, कधी मेला, बायको कोण, मुलं किती, त्यांची वयं काय, मग मालमत्तेची यादी, भाट, शेत, घर, सोनं, कर्ज. मी आजवर जेवढे कागद वाचले त्यात घराण्याचं संपूर्ण चित्र देणारा याच्याइतका दुसरा कागद नाही. विक्रीखतांतही नवऱ्याबरोबर बायको, आणि भाऊ विकत असतील तर सगळ्या भावांच्या बायका, नावानिशी.

हे शोधायचं कसं? घरात एखादं जुनं किंवा नवंही विक्रीखत असेल तर ते काढा. त्यात लिहिलेलं असतं की ही जमीन लँड रजिस्ट्रेशन ऑफिसात अमुक डिस्क्रिप्शन नंबरखाली वर्णिलेली आणि मात्रिजमध्ये म्हणजे कराच्या नोंदवहीत अमुक नंबरला नोंदलेली आहे. वकील ते वाचून सोडून देतात, तुम्ही नाही सोडायचं. तो डिस्क्रिप्शन नंबर घेऊन गेलात की त्या जमिनीचं जुनं वर्णन आणि एकामागून एक कोणाच्या नावावर चढली ते निघतं, वडिलांकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे. आणि खतात आधीच्या दस्ताचा उल्लेख असतोच, नोटरीचं पुस्तक, पान, तारीख, त्या दस्तात त्याच्या आधीच्या दस्ताचा, असं धागा धरून मागे मागे जाता येतं.

देवळाचं बघायचं तर महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत हक्कदारांची, यादी. गोव्यातली हिंदू देवस्थानं माझानियांच्या, म्हणजे महाजनांच्या मंडळांच्या, नियमांखाली आहेत, पहिले नियम 1886 चे, नंतर 1933 चे. प्रत्येक देवस्थानाला महाजनांचा कातालोग म्हणजे नावांची यादी ठेवावी लागते, आणि महाजन हा वंशपरंपरेने असल्यामुळे नाव घालायचं तर अमुकचा मुलगा म्हणून घालायचं. तुम्ही जर कवळ्याचे किंवा दुसऱ्या कुठल्या देवस्थानाचे महाजन असाल तर कमिटीला रीतसर अर्ज देऊन जुना कातालोग बघायला मागा. महाजन नसाल, नुसते कुळावी असाल, तर यात नाव नसणार, त्याने निराश होऊ नका. तसंच कोमुनिदाद, म्हणजे जुनी गावकारी. गावकार घराणी वांगडात विभागलेली, आणि ज्याला जोण म्हणजे गावच्या उत्पन्नाचा वाटा मिळतो त्याची नावनोंदणी बापाच्या नावासकट. बारदेशसाठी म्हापसा, साष्टीसाठी मडगाव, तिसवाडीसाठी पणजी इथे कोमुनिदाद प्रशासकांची ऑफिसं आहेत. आणखी एक, सरकारी 'बोलेतीं ओफिसियाल' 1837 पासून निघत होतं, त्यात नावबदल, वारसा, जमिनी यांच्या जाहिराती असतात. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं बघायला मिळतात, तिथे एखाददुसरा दिवस घालवायला हरकत नाही.

पण हे सगळं जमीनवाल्यांचं झालं. ज्यांच्या वाडवडिलांनी दुसऱ्याच्या भाटात घाम गाळला त्यांनी काय करायचं? त्यांचेही कागद आहेत, फक्त ते भाटकाराच्या म्हणजे जमीनमालकाच्या नावाखाली दडलेले आहेत. भाटकाराची इन्व्हेंटरी काढली तर तिच्यात मुंडकारांची, म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांची, नावं येऊ शकतात, कोणाचं घर कुठल्या भाटात ते. मुक्तीनंतर 1964 चा कूळ कायदा आणि 1975 चा मुंडकार कायदा आला, मामलेदाराकडे हजारो केसी झाल्या आणि प्रत्येक केसमध्ये माणसाने लिहून दिलं की माझा आजा इथे राहायचा, बाप इथे राहायचा, साक्षीदारांच्या जबान्या झाल्या. या जबान्या म्हणजे कष्टकरी घराण्यांचा लिखित इतिहास आहे आणि कोणीतरी तो नीट जपायला हवा. सर्वेचा फॉर्म वन-फोर्टीन ऑनलाइन निघतो, त्यात कुळाचा रकाना आहे, तिथून सर्वे नंबर घेऊन मामलेदाराकडे जुनी फाईल मागता येते.

आणि देवळाच्या सेवेत, गाण्या-बजावण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या त्या घराण्यांबद्दल. नोंदीत 'पाय इंकॉग्नितु', बाप अज्ञात, असं दिसेल. बरीच मंडळी हे पान बघून वही मिटतात. मिटू नका. त्याच नोंदीत आई आहे, आईची आई आहे, आणि ही रेघ आईकडून आईकडे सलग मागे जाते. मी अशा वंशावळी करताना आईची रेघच मुख्य खोड म्हणून काढतो, तळटीप म्हणून नाही. ज्या घराण्यांनी गोव्याला गाणं दिलं त्यांच्या आज्यांची नावं ठळक अक्षरात यायला हवीत.

तीर्थक्षेत्राचे उपाध्ये राहिलेच. नाशिक, त्र्यंबकेश्वर, गोकर्ण इथे पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंच्या नामावळी ठेवलेल्या आहेत. जाऊन आडनाव सांगाल तर कपाळाला हात लावतील, मूळ गाव सांगा, जात, गोत्र सांगा. लेख बहुतेक यात्रेकरूच्याच हातचा असतो, बरोबर कोण आलं होतं, भाऊ किती, मुलगे किती. जुने लेख मोडीत. मोडी काही महिने बसलं तर शिकता येते, निदान नावं वाचण्यापुरती नक्की येते, आणि नव्या काबिजादीतल्या घराण्यांना तिची गरज पडणारच, कारण सौंदेकरांच्या आणि सावंतवाडीच्या भोसल्यांच्या काळातली वतनपत्रं, इनामपत्रं बरीचशी मोडीत.

लिहून ठेवायची पद्धत आता. प्रत्येक माणसापुढे, हे मला कुठून कळलं, ते लिहा, पुस्तक, वर्ष, नोंद नंबर, पान, कोणत्या तारखेला बघितलं. तोंडी माहिती असेल तर कोणी सांगितलं आणि कधी. कागदावरचं काळ्या शाईत आणि ऐकीव निळ्या शाईत ठेवलंत तरी पुरे. जोडणी सिद्ध झाली नसेल तिथे रेघ तुटक काढा, आणि ती तुटकच राहू द्या, वंशावळ छान दिसावी म्हणून भरू नका. कॉम्प्युटरवर करायचं तर ग्रॅम्प्स हे फुकट सॉफ्टवेअर चांगलं आहे, पुढे कधी दुसरीकडे न्यायचं तर जेडकॉम फाईल करून ठेवा. जिवंत माणसांच्या जन्मतारखा, पत्ते इंटरनेटवर टाकू नका, व्हॉट्सअप ग्रुपवरही नको. दत्तक, दुसरं घर, घर सोडून गेलेला कोणी, असं काही निघालं तर आधी त्या पातीतल्या मोठ्यांशी एकट्याने बोला, मग ठरवा काय छापायचं.

जुन्या कागदांना लॅमिनेशन अजिबात करू नका, पोर्तुगीज काळची शाई आधीच कागद खात असते आणि लॅमिनेशन केलं की नंतर काहीच दुरुस्त करता येत नाही. सेलोटेपही नको. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, सरळ वरून फोटो काढा, दोन ठिकाणी कॉपी ठेवा, मूळ कागद घड्या न घालता सुती कापडात, आणि गोव्याच्या पावसाळ्यात लाकडी कपाटाच्या तळाशी तर नकोच.

आणि कोणी तुम्हाला महिनाभरात गौड देशापर्यंतची वंशावळ करून देतो म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. तुमच्यासारख्या घराण्याला 1850 पर्यंत कागदाने जाता येतं, जमीन असेल तर अठराशेच्या सुरुवातीपर्यंत, त्यापलीकडे नशीब, आणि गावाच्या देवळात मूळपुरुष म्हणून ज्याला नारळ ठेवता त्याच्यापर्यंत सगळी साखळी कागदाने जुळलेली घराणी फार थोडी.

तर ताई, तुमच्यासाठी क्रम असा. आधी ती महालयाची वही, मुंबईत नसेल तर गावच्या भाऊबंदांकडे. मग फोंड्याला तेओर. जाताना आजोबांबरोबर त्यांच्या सगळ्या भावंडांची नावं आणि अंदाजे वर्षं लिहून न्या, बहिणींचीसुद्धा माहेरच्या नावांनी, कारण आजोबांच्या नोंदीचं पान वाळवीने खाल्लेलं निघालं तरी भावंडांच्या नोंदीत आजी-आजोबा तेच असतात, आणि एखाद्या कारकुनाने एका नोंदीत गावाचं नाव गाळलं असेल तर दुसऱ्या नोंदीत ते लिहिलेलं मिळतं. तेओर हातात आलं की त्यातलं पणजोबांचं गाव आणि वाडा कळवा, पुढे डिस्क्रिप्शन कुठल्या ऑफिसात बघायचं ते मी सांगतो.